दरडीखालची मिरी

१

ज्या उतारावर आता मिरीचा एकही वेल उभा नव्हता, त्या उतारावरची मिरी त्या सकाळी मातीबाईंच्या टेबलावर होती. निदान समोर बसलेल्या बाईचं म्हणणं तसं होतं.

मातीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मसाल्यांची पारख करणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला. लवंग असो, वेलदोडा असो, ती कुठल्या मातीत उगवली हे त्या यंत्रांना विचारून सांगायच्या. भलत्या ठिकाणचा माल नावाजलेल्या मळ्याच्या नावावर खपवणारे व्यापारी त्यांच्या नावाने बोटं मोडत, आणि हे नावही त्यांनीच पाडलेलं. बाईंना ते आवडायचं.

समोरची बाई चाळिशीची, अंगाने काटकुळी. मिरीच्या एका जुन्या पेढीची ती धाकटी सून. पेढीवर आणि घरात तिला सगळे धाकटीच म्हणत.

"ही कुणी दिली?" मातीबाईंनी पुरचुंडी सोडत विचारलं.

"तेच विचारायला आलेय. दाराशी ठेवलेली असते. आमच्या ह्यांना जाऊन आठ वर्षं..." ती अडखळली. "जाऊन म्हणायचं की नाही, तेच मला ठरवता येत नाही, बाई."

ती हकिगत मातीबाईंना ठाऊक होती. पेढीचा मिरीचा मळा डोंगराच्या उतारावर होता. पावसाने फुगलेला तो उतार एका दुपारी खाली आला. मजूर वाचले. धाकटीचा नवरा मागे काही राहिलं का ते बघायला परत वर चढला होता. तो सापडला नाही. काहीच सापडलं नाही.

"एक घड्याळजी आहेत," धाकटी म्हणाली. "विधुर आहेत, भले आहेत. दोन वर्षं झाली, विचारून गप्प बसलेत. पण त्याआधी मला कोर्टात सही करावी लागेल, की माझा नवरा मेला म्हणून. मी मनाशी ठरवते, आता झालं, सही करते. आणि चार दिवसांत ही पुरचुंडी येते."

"दर वेळी?"

"दर वेळी. आणि उंबऱ्यावर ओल्या मातीचा वास असतो. ह्यांच्या चपला मी अजून दाराच्या आत ठेवते, बाहेर भिजतील म्हणून. हसू नका."

मातीबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक दाणा उचलून दातांखाली फोडला. आधी लिंबाच्या सालीसारखा गंध आला, मग सावकाश, घशाच्या मागून चढत जाणारा जाळ. त्या उताराची मिरी अशीच यायची. जिभेला नाही, आठवणीला झोंबायची.

"मला एवढंच सांगा," धाकटी म्हणाली, "ही तिथली आहे का? तिथली असेल तर ती तोडणारं कुणीतरी तिथे आहे. मग मी जिवंत माणसाला मेला म्हणून सही करू कशी?"

२

प्रयोगशाळेच्या मागे एक खोली होती. तिथे नावाजलेल्या मळ्यांचे अस्सल नमुने काचेच्या बाटल्यांत मेण लावून ठेवलेले असत. कधीकाळी पेढ्या स्वतःहून ते आणून देत. पुढे वाद झाला तर ताडून बघायला अस्सल माल हवा, म्हणून. त्यांतले कितीतरी मळे आता नव्हते. कुठे घरं उठली, कुठे वेलांना रोग पडला. बाटल्या मात्र आपल्या जागी उभ्या होत्या. मातीबाई तिथे एकट्या गेल्या की उगाच दबक्या पावलांनी चालत.

त्यांनी उताराच्या बाटलीचं मेण फोडलं. खोलीत ओलसर, हिरवट गंध पसरला. पावसातून कुणी आत यावं आणि अंग पुसत उभं राहावं, तसा. बाईंनी मागे वळून पाहिलं. अर्थात कुणी नव्हतं.

मोठ्या यंत्राला प्रयोगशाळेत सगळे सासूबाई म्हणत, कारण ते कुणाच्याही पोटातलं काढी आणि त्याला खोट कशी ती चालत नसे. मातीत स्ट्रॉन्शियम नावाचा एक धातू असतो. खालचा खडक जसा, तशी त्याच्या हलक्या-जड अणूंची वाटणी. झाड मुळांतून तो जसाच्या तसा उचलतं. माणूस खोटं बोलेल, पाकिटावरचं नाव खोटं बोलेल, पण मूळ खोटं बोलत नाही.

सासूबाईंनी दोन्ही मिऱ्या तपासल्या. उत्तर एकच आलं. किंचित, केसाएवढा फरक होता. बाईंनी तो मनाच्या एका कोपऱ्यात टाकला. माती तीच होती.

"जुन्या साठ्यातली असेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पेढीकडे दरडीआधीचं एखादं पोतं उरलं असेल, त्यातून कुणी मूठ-मूठ काढत असेल. साधी गोष्ट.

पण मिरीत एक उडून जाणारं तेल असतं. दर वर्षी ते थोडं थोडं सोडून जातं, म्हातारपणी माणसाचं बोलणं कमी व्हावं तसं. आठ वर्षांच्या मिरीत जाळ राहतो, सुगंध राहत नाही. बाईंनी तेल मोजलं. मग यंत्र पुसून पुन्हा मोजलं.

ही मिरी याच वर्षी वेलावर होती.

३

पेढी जुन्या बाजारात होती. धाकटीचे मोठे दीर, थोरले, गादीवर बसले होते, अंगाने भरलेले, आवाजाने त्याहून भरलेले.

"चावटपणा आहे कुणाचा तरी," ते म्हणाले. "माझा भाऊ डोंगराखाली आहे, बाई. मी स्वतः तिथे आठवडाभर उभा होतो. आता ती जमीन विकून टाकावी, धाकटीनं सही करावी, आपल्या मार्गाला लागावं. मी काय वाईट सांगतो? पण मी बोललो की मी वैरी."

"तिला सही करू द्यायची नाही, असं कुणाला वाटत असेल?"

"त्या मुकादमाला विचारा. मळ्यावरचा मुकादम. दरडीनंतर मीच त्याला गोदामाच्या राखणीला ठेवलं. तेव्हापासून तोंडाला कुलूप. माझ्याशीही बोलत नाही."

"धाकटी सही करायची ठरवते, हे तुम्हाला कधी कळतं?"

"मला?" थोरले कडवट हसले. "मला कशाला सांगेल? पुरचुंडी आली, रडारड झाली, की कळतं, बेत होता आणि मोडला."

गोदाम मागच्या गल्लीत होतं. खालच्या लांब दालनात बायका मिरी निवडत होत्या आणि त्यांच्या मधोमध आक्का बसल्या होत्या, थोरल्यांचीही थोरली बहीण. लग्न केलं नाही. दोन्ही भावांना त्यांनीच वाढवलं.

"या, मातीबाई. आमच्या मातीत काय निघालं?"

"माती तुमचीच निघाली, आक्का."

आक्कांचा सुपातला हात थांबला नाही. "असेल. मी तर धाकटीला म्हणते, जा बाई. घड्याळजी चांगला आहे. तुझं वय आहे. माझ्यासारखी वाळू नकोस. मिरी वाळली तर भाव येतो, बाई वाळली तर काय येतं?"

निवडणाऱ्या बायका खिदळल्या. एक म्हणाली, "आक्का, तुमच्या तिखटाला अजून गिऱ्हाईक मिळेल."

"गप गं. तोंडापेक्षा हात चालव."

"ती ऐकत नाही तुमचं?" बाईंनी विचारलं.

"ऐकते की. दर वेळी येऊन माझ्याच कुशीत सांगते, आक्का, ठरलं. मी पाठीवरून हात फिरवते. आणि मग दारात ते येतं." आक्कांनी सूप आपटलं. "मेल्याला तरी स्वस्थ पडू द्यावं."

निघताना बाईंनी मिरीची धूळ बसलेले हात कोपऱ्यातल्या बादलीत बुडवले. पाणी चांगलंच कोमट होतं.

"गच्चीवरच्या हौदाचं," आक्का म्हणाल्या. "आगीसाठी बांधलाय, उघडा. आग कधी लागली नाही, पाणी मात्र रोज तापतं."

बाई हसल्या. पण दालनाबाहेर पडताना त्यांना वाटलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी उभं आहे. पावलं वाजली नाहीत. नुसतं उभं असणं जाणवलं.

४

धाकटीने आधीच्या साऱ्या पुरचुंड्या जपून ठेवल्या होत्या. मातीबाईंनी त्या क्रमाने मांडल्या आणि एकेकीतलं तेल मोजलं, घरात पडून राहिल्याची घट वजा धरून.

सुरुवातीच्या पुरचुंड्या, थोरल्यांनी जमीन विकायला सही मागितली होती तेव्हाच्या, आल्या तेव्हाही शिळ्या होत्या. ती जुनी मिरी होती, दरडीच्या आधीची. मग बराच काळ धाकटीने काही ठरवलं नव्हतं आणि काही आलंही नव्हतं. नंतरच्या पुरचुंड्या ताज्या. त्यांतली पहिली तर कोवळी, बारीक दाण्यांची. नव्या वेलाचा पहिला बहर असतो तशी.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. डोंगरावर कुणी जिवंत राहिलं असतं आणि चार वेल वाचले असते, तर पहिल्याच वर्षी ताजी मिरी आली असती. या माणसाला थांबावं लागलं होतं. त्याने वेल लावला होता आणि तो फळायची वाट पाहिली होती. तोवर जुन्यावर भागवलं.

त्या दुपारी बाई मुकादमाला भेटल्या. गोदामाच्या फाटकाशी स्टुलावर तो बसलेला असे. म्हातारा, उन्हाने रापलेला.

"मुकादम, दरडीनंतर तुम्ही वर गेला होतात?"

"सगळेच गेलो होतो, बाईसाहेब."

"सगळे परतल्यावर?"

तो रस्त्याकडे वळून बसला. "गेलो. हातांनी उकरलं. धाकटे मालक जिथे दिसले होते शेवटचे, तिथे. काही लागलं नाही हाताला. मग म्हटलं, रिकाम्या हाताने त्या घरी कसा जाऊ? तिथली माती भरली पोत्यात. दोन पोती. त्यात वेलाचा एक तुकडा होता, अजून हिरवा. म्हटलं, जाळायला नाही, पुरायला नाही, निदान माती तरी घरी जाऊ दे त्यांची."

"कुणाच्या हातात दिलीत?"

"दार उघडलं त्यांच्या."

"कुणी उघडलं दार?"

मुकादमाने मान खाली घातली. "आठवत नाही."

"मुकादम, तुम्हाला त्या पोत्यांचं वजन आठवत असेल."

"वजन आठवतं," तो म्हणाला. "अजून खांद्यावर आहे. पण दार कुणी उघडलं ते विचारू नका. शब्द दिलाय."

५

माती डोंगराची, वेल नवा. मग तो वेल होता कुठे? डोंगरावर की आणखी कुठे? माती पोत्यात घालून नेता येते. पण माती बोलली तेवढं बोलली होती. आता पाण्याला विचारायचं राहिलं होतं.

पाण्यालाही ओळख असते. वर जाणारा ढग वाटेत आपलं जड पाणी आधी टाकून देतो, जसा चढण चढणारा माणूस ओझं उतरवत जातो. म्हणून डोंगरमाथ्यावरचा पाऊस हलका. सखल भागातला जड. आणि झाड जे पितं ते त्याच्या अंगात उतरतं. जुन्या काळी या परीक्षेची सोय नव्हती. आता होती.

धाकटी समोर येऊन बसली. हातात हात घट्ट धरून.

"सांगा."

"बाटलीतल्या मिरीने डोंगराचा पाऊस प्यायला होता. हलका. या मिरीने तो प्यायलेला नाही."

धाकटीचा चेहरा हलला नाही. तो हलला नाही म्हणूनच बाईंना बघवेना.

"म्हणजे तिथे कुणी नाही?"

"ही मिरी तिथली नाही. माती तिथली आहे. मुकादमाने आणली होती, दोन पोती. तुमच्या घरात दिली होती. तुम्हाला माहीत नव्हतं?"

धाकटीने नकारार्थी मान हलवली.

"हिने प्यायलेलं पाणी इथल्या नळाच्या पाण्यापेक्षाही जड आहे. असं पाणी कुठे असतं माहीत आहे? जे उघड्यावर साठून राहतं. ऊन लागलं की त्यातला हलका भाग उडून जातो, जड मागे राहतो. शिवाय माती ताडून पाहताना केसाएवढा फरक आला होता. तो या पाण्यातल्या चुन्याचा. म्हणजे वेल त्या मातीत आहे आणि पाणी पितोय एखाद्या उघड्या, तापलेल्या हौदाचं."

"गोदामाच्या गच्चीवर आहे हौद," धाकटी हळूच म्हणाली. "मग मुकादम?"

"मुकादम फाटकावर असतो. तुम्ही मनात काय ठरवता, हे त्याला कसं कळणार? थोरल्यांना तर बेत मोडल्यावर कळतं. तुम्ही कुणाला सांगता आधी? सगळ्यांत आधी?"

धाकटी खुर्चीतून उठली.

"नाही," ती म्हणाली. "त्याच तर म्हणतात, जा म्हणून."

६

ऊन टळटळीत होतं. मुकादमाने फाटक उघडलं, दोघींकडे पाहिलं आणि काही न विचारता गच्चीच्या जिन्याकडे बोट केलं. जिन्यात गारवा होता, आणि एकेक पायरी चढावी तसा ओल्या मातीचा वास दाट होत गेला. धाकटीने अर्ध्या जिन्यात बाईंचा हात धरला. उंबऱ्यावरचा तोच वास.

हौद चार खांबांवर उभा होता. त्याखालच्या सावलीत मधोमध कापलेली पत्र्याची दोन पिंपं होती, काठोकाठ काळ्या-तांबड्या मातीने भरलेली. एकातून वेल निघून खांबाला वेढे घालत वर गेला होता, पानं तुकतुकीत, हिरव्या घडांनी लगडलेला. दुसऱ्या पिंपात काहीच लावलेलं नव्हतं. नुसती माती, ओली, हाताने सारवल्यासारखी सपाट केलेली. आक्का शेजारी पाटावर बसून त्या मातीवर तांब्याने पाणी घालत होत्या. जिथे काही उगवायचं नव्हतं तिथे.

त्यांनी वर पाहिलं. दचकल्या नाहीत.

"बसा," त्या म्हणाल्या. "ऊन फार आहे."

कुणी बसलं नाही.

"मातीबाई, तुमची यंत्रं वाईट हो. माणसाला झाकून काही ठेवू देत नाहीत."

"का केलंत, आक्का?" धाकटीचा आवाज कोरडा होता.

"तू सही केलीस की तो मेला. तू सही करेपर्यंत तो मेलेला नाही. नुसता आलेला नाही." आक्कांनी तांब्या खाली ठेवला. "पोर होता तेव्हापासून त्याला उशीर व्हायचा. मी दार लावायची नाही."

"मग मला जा म्हणत होतात ते?"

"ते खोटं नव्हतं. खरंच वाटायचं, जावं पोरीनं. पण तू येऊन ठरलं म्हणालीस की माझी झोप उडायची. मनाशी म्हणायची, ही गेली की त्याच्या नावाने दाराकडे बघणारं दुसरं कोण? मी एकटी किती बघू? मग हात पुरचुंडी बांधायचे. मी बांधायची नाही गं, हातच बांधायचे."

मातीबाईंनी नजर वळवली. इतक्या वर्षांत त्यांनी किती लबाड्या धरल्या होत्या. धरताना एक आनंद व्हायचा. आज तो कुठेच नव्हता.

धाकटी पिंपाजवळ गेली. तिने मोकळ्या मातीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"पुरचुंड्यांचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण ही माती. तुम्हाला ही आठ वर्षं होती. मला काय होतं? रडायचं म्हटलं तर जागा नव्हती, आक्का. फूल ठेवायचं तर कुठे ठेवू? मी चपला आत-बाहेर करत राहिले, आणि तुम्ही इथे येऊन रोज त्यांच्याजवळ बसत होतात. दार तुम्ही उघडलंत म्हणून ते एकट्या तुमचे झाले?"

आक्कांनी तांब्या बाजूला सारला. कुणाला वाटलं असतं, दोष त्यांना पुरचुंड्यांचा लागेल. तो लागला भलत्याच ठिकाणी, आणि तो खरा होता.

"मुकादम," धाकटीने जिन्याकडे पाहून हाक मारली. तो तिथेच उभा होता. "एक पोतं आणा."

त्याने पोतं आणलं. धाकटी खाली बसली आणि मोकळ्या पिंपातली माती ओंजळीने भरू लागली. फावडं होतं, ते तिने घेतलं नाही. थोड्या वेळाने आक्का पाटावरून सरकत आल्या, आणि त्यांच्या सुरकुतलेल्या ओंजळीही पोत्यात पडू लागल्या. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. मधूनच एखादं ढेकूळ निघे, ते दोघी बोटांनी चुरत. मातीबाई पोत्याचं तोंड धरून उभ्या राहिल्या, कारण कुणीतरी धरायला हवं होतं.

"वेल तुमच्याकडे राहू दे," धाकटी म्हणाली. "मी उद्या सही करते. मग घड्याळजींच्या गावी जाईन. तिथे ही कुठेतरी नीट पुरेन, आणि वर काही लावणार नाही."

आक्कांनी तिचं मनगट धरलं. मातीने भरलेल्या हाताने, घट्ट.

"जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "धाकटे, मला टाकून जाऊ नकोस गं."

गच्चीवर वारा नव्हता. धाकटीने त्या हाताकडे पाहिलं. मग तिने आपल्या हाताने तो सोडवला, अलगद, एकेक बोट उलगडत.

"हे एकदा जरी तोंडाने म्हणाला असतात, आक्का," ती म्हणाली, "तर मी कदाचित राहिलेही असते."

तिने पोत्याचं तोंड बांधलं. मुकादम पुढे झाला, खांदा द्यायला. तिने मान हलवली, पोतं कमरेवर घेतलं आणि भिंतीला हात लावत, जड पावलांनी ती एकटीच जिना उतरू लागली.